डेल्फ्टला शिकणाऱ्या मुलीस

सांगली

चि. मुग्धा हिस बाबांचे अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर मी आवाज चढवला आणि तू फोन ठेवलास, तेव्हापासून मला नीट झोप नाही. डेल्फ्टमधले भाडे परवडत नाही म्हणून झुटर्मेरला खोली घेते, एवढेच तू सांगत होतीस. पण बोलता बोलता ते गाव समुद्रसपाटीच्या खाली असल्याचे सहज म्हणालीस आणि माझा तोल गेला.

पाण्याविषयी लिहायचे नाही असे ठरवून नकाशा उघडला, तर नेदरलँड्समधल्या गावांची नावेच पाण्याची निघाली. आम्स्टरडॅम म्हणजे आम्स्टेल नदीवरचा बांध, रॉटरडॅम म्हणजे रोटे नदीवरचा. तुझ्या डेल्फ्टचे नाव खणण्यावरून, खणलेल्या कालव्यावरून पडले. झुटर्मेरमधला 'मेर' म्हणजे तळे. ते सतराव्या शतकात उपसून कोरडे केले, नाव तेवढे राहिले. ज्या स्किपोल विमानतळावर तू उतरलीस, तिथे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हारलेमचे अफाट तळे होते आणि वाफेच्या पंपांनी ते १८५२ साली रिकामे झाले, हे वाचल्यावर मी बराच वेळ नुसता बसून होतो.

श्रीधरच्या इंग्लंडमधली नावे मला धीर देतात. बर्मिंगहॅममधला 'हॅम' म्हणजे घर, बेओर्माच्या माणसांचे घर. तुमच्याकडच्या आर्नहेमच्या शेवटीही तेच घर आहे. तिकडे खोली बघ म्हणणार होतो, पण ते डेल्फ्टपासून फार लांब आहे.

पासपोर्ट आणि प्रमाणपत्रे उंच फळीवर ठेव, बॅटरी उशाशी असू दे, घरमालकिणीला बांध कोणत्या दिशेला आहे ते विचारून घे; १९५३ च्या फेब्रुवारीत त्या देशात एका रात्रीत बांध फुटले आणि १,८३६ माणसे गेली. क्षमा कर, पुन्हा तेच झाले. पाणी अडवण्याचेच शास्त्र शिकायला गेलेल्या मुलीला मी हे शिकवावे, हे बरे नाही. तुझा प्रवेश झाला तेव्हा नलूआत्याकडे पेढे घेऊन मी चालत गेलो होतो.

पण २००५ च्या पुरात तुला खांद्यावर घेऊन गल्लीतून निघालो, तेव्हा कृष्णामाई आपल्या घरी का आली, असे तू विचारले होतेस. मला उत्तर सुचले नव्हते. २०१९ च्या पुरात तू पुण्याला होतीस, म्हणून माळ्यावरच्या तुझ्या वह्या मी एकट्यानेच उतरवल्या.

आई मेतकूट पाठवत आहे. नवा पत्ता कळव, आणि खोली कितव्या मजल्यावर आहे तेही लिही.

तुझे
बाबा