इन्व्हर्टर जनरेटर म्हणून विकलेल्या साध्या जनरेटरबद्दल तक्रार

दिनांक : 5 जानेवारी 2026

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण अधिकारी,
पोर्टेबल जनरेटर विभाग

विषय : कॅम्पिंगसाठी घेतलेल्या जनरेटरची चुकीची माहिती, त्यामुळे झालेले नुकसान आणि पैसे परत मिळण्याबाबत

महोदय,

मी निवृत्त विज्ञान शिक्षिका आहे, डोंबिवलीला राहते. दर डिसेंबरला पंचवीस-तीस मुलांना घेऊन आम्ही काही जण वांगणीजवळच्या एका शेतावर रात्रभराच्या आकाशदर्शनाला जातो. तिथे वीज नसते. ग्रह-ताऱ्यांमागे दुर्बीण आपोआप फिरवणारी मोटर, एक लॅपटॉप, चार लाल दिवे आणि मध्ये चहासाठी किटली, एवढीच आमची गरज. इतकी वर्षे मंडपवाल्याकडून जनरेटर भाड्याने आणत होतो. यंदा पालकांनी वर्गणी काढली आणि नोव्हेंबरमध्ये आम्ही तुमचा 38,500 रुपयांचा जनरेटर विकत घेतला. बिलाची प्रत सोबत जोडली आहे.

दुकानात तुमची दोन मॉडेल शेजारी-शेजारी होती. दुसऱ्याची किंमत 92,000. फरक काय, असे मी दोनदा विचारले. ‘आतलं मशीन तेच आहे मॅडम, त्याची बॉडी बंद आहे आणि चाकं आहेत,’ असे उत्तर मिळाले. तुमच्या छापील पत्रकातही दोन्हींपुढे ‘इन्व्हर्टर टेक्नॉलॉजी’ लिहिले आहे. मग चाकांसाठी वर्गणीतले पन्नास हजार घालवायला माझे मन धजेना.

13 डिसेंबरच्या रात्री मिथुनेचा उल्कावर्षाव होता. शनिवार होता, चंद्र उत्तररात्री उगवणार होता, म्हणजे अंधारही हवा तसा. संध्याकाळी सात वाजता जनरेटर चालू केला. भार कमी असताना इंजिन सावकाश करणारे, पॅनलवरचे ‘इको’चे बटण दाबले, हिरवा दिवा लागला, पण इंजिनाचा आवाज तसूभरही बदलला नाही. तीस मीटर केबल ओढून तो बांधापलीकडे ठेवला, तरी मला मुलांशी ओरडूनच बोलावे लागत होते.

सव्वानऊला मुले रांगेने शनी पाहत होती. यंदा त्याची कडी अगदी रेघेसारखी दिसते, हे दृश्य पुन्हा यायला वर्षे जातात. तेवढ्यात कोणीतरी किटली लावली. दिवे मंदावले, इंजिन घरघरले. पाणी उकळून किटली आपोआप बंद झाली आणि त्याच क्षणी दिवे एकदम भक्कन पेटले. मोटरच्या ॲडाप्टरमधून जळका वास आला, लॅपटॉपचा चार्जरही गेला. रांगेत मागे उभ्या असलेल्या अकरा मुलांना शनी दिसलाच नाही. हाताने दुर्बीण सरकवत मी प्रयत्न केला, पण प्रत्येक मूल दुर्बिणीला डोळा लावेपर्यंत ग्रह नजरेबाहेर जायचा.

किटली 1500 वॉटची, बाकी सगळे मिळून अडीचशेही नाही. खोक्यावर ठळक अक्षरांत 2500 छापले आहे. सलग चालण्याची क्षमता 1800, ती पुस्तिकेच्या मागच्या पानावर बारीक टायपात सापडली. आमचा भार तर त्याहूनही कमी होता. उंचीवर हवा विरळ असल्याने इंजिनाची ताकद घटते हे मला ठाऊक आहे, पण वांगणी काही महाबळेश्वर नाही.

पत्रकात ‘एका टाकीत 10 तास’ आहे. सहा लिटरची भरलेली टाकी एक वाजायच्या आतच संपली. इंजिन थांबले तेव्हा त्या रात्री पहिल्यांदा मुलांना माझा साधा आवाज ऐकू आला. या उल्का धूमकेतूच्या नाहीत, फेथॉन नावाच्या लघुग्रहाच्या मागे राहिलेल्या धुळीच्या आहेत, हे मी तेव्हा सांगू शकले.

घरी आल्यावर ओळखीच्या वायरमनकडून पॅनल उघडून घेतले. आत इन्व्हर्टरचे सर्किटच नाही, व्होल्टेज सांभाळणारा साधा एव्हीआर आहे. ‘इको’ बटणाच्या तारा त्या हिरव्या दिव्यापर्यंतच जातात, पुढे कशालाही जोडलेल्या नाहीत. फोटो सोबत आहेत. खऱ्या इन्व्हर्टर जनरेटरमध्ये तयार झालेली वीज आधी डीसी होते आणि मग तिच्यापासून पुन्हा स्वच्छ 230 व्होल्ट, 50 हर्ट्‌झची वीज बनते. म्हणून भार कमी असेल तेव्हा इंजिन सावकाश फिरू शकते, पेट्रोल वाचते, आवाज उतरतो. साध्या जनरेटरला 50 हर्ट्‌झसाठी मिनिटाला 3000 फेरे घ्यावेच लागतात, मग भार एका दिव्याचा असो की किटलीचा. तुमच्या दोन मॉडेलांतला खरा फरक हा आहे, आणि तोच आमच्यापासून लपवला गेला.

मी तुमच्या ग्राहक सेवेला तीनदा फोन केला. तिसऱ्या वेळी उत्तर आले, ‘स्वस्तातलं घेतलंत तर एवढंच मिळणार.’ हे वाक्य मला फार लागले. स्वस्त वस्तू कमी काम करते, हे मान्य. भाजीच्या गाडीवर दोन बल्ब आणि पंखा चालवायला हाच जनरेटर उत्तम ठरेल. पण काय मिळणार ते आधी सांगितले असते, तर आम्ही एक वर्ष थांबून महागडे घेतले असते किंवा मंडपवाल्याकडेच गेलो असतो. ती निवड करण्याचा हक्क आमचा होता.

जनरेटर परत घेऊन पूर्ण रक्कम द्यावी आणि जळालेल्या दोन ॲडाप्टरची किंमतही द्यावी. पत्रकात ‘58 डेसिबल’ आहे, पण किती अंतरावर आणि किती भारावर, ते नाही. पेट्रोल जनरेटरला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची 86 डेसिबलची मर्यादा आहे. त्या चाचणीच्या प्रमाणपत्राची प्रत मला पाठवावी. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन आणि ग्राहक संरक्षण कायदा 2019 खाली, दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीच्या मुद्द्यावर, ठाणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन.

एका गोष्टीला मात्र पंधरा दिवस लावू नका. पत्रकाच्या पहिल्या पानावर तंबूच्या दाराशी चालू जनरेटर आणि आत झोपलेली दोन मुले, असे चित्र आहे. त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि झोपेतल्या माणसाला जाग येण्याआधीच तो जीव घेतो. मराठी पुस्तिकेत याबद्दल एक ओळही नाही. आमच्या शिबिरातल्या एका मुलीने ते चित्र पाहून मला विचारले होते, ‘बाई, आपण इतका लांब का ठेवला?’ ते चित्र आजच्या आज काढा.

आपली,
(सही)
आकाशदर्शन शिबिराची संयोजक, डोंबिवली

सोबत : बिलाची प्रत, पत्रक, पॅनलचे चार फोटो