बाविसाव्या संध्याकाळचे स्तोत्र

प्रिय मित्रा,

सप्रेम सलाम. आठ महिने तुला एक ओळही लिहिली नाही, याची क्षमा असावी. प्रकृती बरी आहे. जे घडले ते तुझ्याखेरीज कोणाला सांगून कळणार नाही, म्हणून लिहितो.

बायबलमधली दीडशे स्तोत्रे तीस दिवसांत, सकाळ-संध्याकाळ वाटून, जुन्या अँग्लिकन प्रार्थनापुस्तकाप्रमाणे म्हणण्याचा आपला वसतिगृहातला नेम मी अजून मोडलेला नाही. आई गेली त्या आठवड्यातही नाही. परवा बावीस तारीख होती, म्हणजे संध्याकाळी स्तोत्र 108 आणि 109. घराच्या वाटणीवरून दादाने दुपारी जे ऐकवले, ते मनात घेऊनच मी बसलो. वैऱ्याचे दिवस थोडे होवोत, हे 109 मधले वचन मोठ्याने म्हटले आणि मला बरे वाटले. इतक्या मनापासून मी कित्येक वर्षांत प्रार्थना केली नव्हती. पुढचे वचन त्याची मुले पोरकी होवोत असे आहे. तेथे मला दादाची चिंगी दिसली आणि आवाजच फुटेना.

याच स्तोत्रावरून आपण दोन दिवस अबोला धरला होता. रोमन कॅथलिकांनी 1971 च्या दैनिक प्रार्थनाग्रंथातून 58, 83 आणि 109 ही स्तोत्रे त्यांतल्या शापांमुळे वगळली ते योग्यच, असे तू म्हणत होतास. देवासमोर राग लपवणे हे खोटे बोलणे आहे, असे मी. तुझ्या घरून नाताळच्या करंज्या आल्या, तेव्हा कुठे आपण बोललो. पाचव्या वचनापर्यंत वैरी अनेक आहेत आणि सहाव्यापासून एकाएकी एकच 'तो' येतो, म्हणून हे शाप वैऱ्यांनीच स्तोत्रकर्त्याला दिलेले असावेत, असे काही अभ्यासक मानतात, हेही तूच सांगितले होतेस. मी ती पळवाट म्हणून उडवून लावली. आता तेच डोक्यात घोळते आहे. तसे असेल, तर परवा मी स्तोत्रकर्त्याच्या वैऱ्यांच्या तोंडून बोलत होतो. तसे नसेल, तरी स्तोत्रकर्ता राग देवाच्या स्वाधीन करतो. मी तो घेऊनच उठलो.

109 गाळावे असे मला आजही वाटत नाही. पण प्रेमाच्या बदल्यात ते वैर करतात, मी मात्र प्रार्थनाच करतो, असे चौथ्या वचनात म्हणणाऱ्याने सहाव्याकडे कसे वळावे?

तुझ्या बदलीचे काय झाले? वहिनींना सलाम, धाकट्याचा निकाल कळव.

पुढच्या बावीस तारखेला संध्याकाळी सातला फोन करीन. पूर्वीसारखे वचनागणिक आलटून-पालटून म्हणू. 109 ची सुरुवात तू कर, म्हणजे नववे तुझ्या वाट्याला जाईल आणि चौथे माझ्या.

तुझाच,
मित्र