दिल्यास, पिवळ्या बल्बांविषयी

चिपळूण,
१२ जुलै

प्रिय दिल्या,

काकू गणपतीनंतर तुझ्याकडे निघतायत आणि त्यांच्या बॅगेत साठ वॅटचे चार जुने, तारेचे पिवळे बल्ब टाकायला तू मला सांगतोस! अरे, आधी तुझा होल्डर बघ. आपला बल्ब दोन पिनांचा, दाबून फिरवायचा. तुमच्या जर्मनीतला आट्यांचा. व्होल्टेज दोन्हीकडे २३०, पण तो तिथे बसणारच नाही.

तरी तुझ्यासाठी म्हणून बाजारपेठेत चौकशी केली. दुकानदारानं मान वर न करता विचारलं, "कोंबड्यांसाठी हवेत का?" आता हे बल्ब पोल्ट्रीवाले नेतात. पिल्लांना पहिल्या आठवड्यात ३५ अंशांच्या आसपास ऊब लागते, ती एलईडी काय देणार? दुसरं गिऱ्हाईक वायरमन. बिघडलेली उपकरणं तपासायच्या त्यांच्या सिरीज बोर्डावर शंभरचा बल्ब असतो, वीज त्याच्यातून होऊनच उपकरणाला जाते. मिक्सर किंवा इस्त्री शॉर्ट असेल तर तो लख्ख पेटतो आणि घरातला फ्यूज वाचतो. तेही काम एलईडीचं नव्हे.

म्हणजे बघ, उरलाय तो दिवा म्हणून नाहीच. तसा तो दिवा होता तरी कितपत? टंगस्टनची तार अडीच हजार अंशांच्या आसपास तापवायची आणि खाल्लेल्या विजेतली नव्वद टक्क्यांहून जास्त उष्णतेत घालवायची. तुमच्याकडच्या त्या रोटहॉयझर नावाच्या इंजिनिअरनं २०१० मध्ये हेच बरोबर पकडलं होतं. युरोपात बल्बवर बंदी, तर मग 'हीटबॉल' नावाचा छोटा हीटर म्हणून तेच विकायचे! सरकारनं ते चालू दिलं नाही, पण भौतिकशास्त्र त्याच्याच बाजूनं होतं.

आमच्या घरी दादांची पेटी ठेवलेल्या कपाटात पावसाळाभर झिरोचा बल्ब जळायचा, आठवतं? ते नाव मोठं फसवं. खाणार बारा-पंधरा वॅट आणि म्हणे झिरो! पण त्याच्या उबेनं भात्याला बुरशी लागायची नाही. तो मी अजून काढलेला नाही, काढणारही नाही. बाकी घरात मात्र एकही नाही, आणि मला त्याचं तिळमात्र दुःख नाही. साठचा बल्ब रोज पाच तास लावला तर महिन्याला नऊ युनिट; तेवढाच उजेड देणारा नऊ वॅटचा एलईडी दीड युनिटसुद्धा खात नाही.

गंमत अशी की तुमच्याकडे कायद्यानं सप्टेंबर २००९ मध्ये शंभरचा काढला, मग पंचाहत्तरचा, साठचा, आणि २०१२ पर्यंत बाकीचे. लोकांनी चिडून खोकी भरून साठे केले म्हणे. आपल्याकडे किमतीनंच काम केलं. जानेवारी २०१५ मध्ये उजाला योजना आली, सरकारी कंपनीनं एकगठ्ठा खरेदी केली आणि बाजारात तीनशेच्या घरात असलेला एलईडी शंभराच्या खाली आला. वीजबिल दाखवून बल्ब घ्यायला इथे रांगा लागल्या होत्या. मोर्चा नाही, निषेध नाही. आपल्या लोकांना बिल कळतं.

माझी तक्रार वेगळीच आहे. उजेड म्हणजे पांढराफेक, अशी सगळ्यांची समजूत झालीय. दुकानात न सांगता हातात पडतो तो ६५०० केल्व्हिनचा. केल्व्हिन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप; आकडा जितका मोठा तितका उजेड पांढरा-निळसर. जेवणाच्या टेबलावर तो लावला की आमटीसुद्धा आजारी दिसते. वॉर्म व्हाइट, म्हणजे पिवळसर उजेडाचा, मुद्दाम मागावा लागतो, आणि मागितला की दुकानदार म्हणतो, "पिवळा? त्याला उजेड कमी असतो." खोक्यावरचे ल्युमेन, म्हणजे उजेडाचा आकडा, बघ म्हटलं तर तोंड वाकडं.

आणखी एक गोष्ट, ही काकूंच्या इथल्या घरासाठी. आमच्या माडीवरचा एलईडी बटण बंद केल्यावरही रात्री मिणमिणत राहायचा. आई म्हणाली, भुताटकी. वायरमननं टेस्टर लावला तर बटण न्यूट्रलवर आणि फेज, म्हणजे करंटची वायर, थेट होल्डरपर्यंत! इतकी वर्षं बटण बंद करून आम्ही निर्धास्त हात घालून बल्ब बदलत होतो. बटण बंद असतानाही थोडा करंट झिरपायचा, पण तेवढ्या चिमूटभर करंटनं जुन्या बल्बची तार पेटत नव्हती, म्हणून कळलंच नाही. तुमचं वायरिंगही त्याच काळातलं, त्याच मिस्त्रीनं केलेलं. काकू निघण्याआधी मी तपासून घेतो.

तुझ्या वाचायच्या दिव्यासाठी तिथेच २७०० केल्व्हिनचा, सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचं माप, शंभरपैकी) ९० च्या वरचा एलईडी घे. उजेड कमी-जास्त करायचा डिमर असेल तर खोक्यावर 'डिमेबल' लिहिलंय ना ते बघ, नाहीतर फडफडेल. गच्च बंद काचेच्या शेडमध्ये घालू नकोस. एलईडी सहसा मरत नाही, त्याला वीज पुरवणारं आतलं ड्रायव्हर सर्किट तापून मरतं.

काकूंच्या बॅगेत बल्बांच्या जागी कोकम आगळ टाकतोय. बाटली नीट बांधतो. फणसाची साटं हवीत का, ते रविवारपर्यंत कळव.

तुझा,
अन्या