‘एटना शिखर आणि ताओर्मिना’ या एका दिवसाच्या सहलीबद्दल तक्रार आणि परताव्याची मागणी

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग,
ठाणे शाखा

दिनांक : १० नोव्हेंबर २०२५

महोदय,

दिवाळीच्या सुट्टीतल्या आपल्या इटली-सिसिली सहलीत ठाणे आणि नवी मुंबईचे आम्ही २२ प्रवासी होतो. २५ ऑक्टोबरची ‘एटना शिखर आणि ताओर्मिना’ (एटना हा सिसिलीतला ज्वालामुखी, ताओर्मिना हे तिथलं जुनं गाव) ही गाइडसह दिवसभराची सहल आपण ऐच्छिक म्हणून वेगळी विकली. तिचे माणशी १८,५०० रुपये सहलीच्या मूळ रकमेखेरीज घेतले. हे पत्र फक्त त्या एका दिवसाबद्दल आहे. बाकीच्या दिवसांबद्दल आमचं काही म्हणणं नाही.

आपल्या छापील कार्यक्रमातली वेळ अशी : सकाळी ८.३० ला कतानिया शहरातून प्रस्थान, १० ला एटना, दीड वाजता जेवण, ३ ते ६.३० ताओर्मिना, रात्री ८ ला हॉटेल. प्रत्यक्षात ८.३० ला बस आमच्या हॉटेलशी आली, ती आणखी दोन हॉटेलांवरून दुसऱ्या गटाचे २४ जण घेऊन ९.२५ ला शहराबाहेर पडली. १०.१५ ला झाफेराना गावातल्या मधाच्या दुकानात उतरवलं, तिथे ५० मिनिटं गेली. झाफेरानाचा मध नावाजलेला आहे, त्याच्याशी आमचं वैर नाही. पण हा थांबा कार्यक्रमपत्रिकेत नव्हता, आणि ज्वालामुखीवर सकाळची वेळ सगळ्यात मोलाची असते. ऊन चढलं की डोंगराच्या अंगावर ढग धरतात आणि दुपारी वरचं बहुतेक झाकलं जातं. म्हणून तर जाणते आयोजक एटना सकाळी आणि ताओर्मिना दुपारी ठेवतात. आपला क्रम बरोबर होता, पण त्याची सकाळच आपण मधाच्या दुकानात घालवलीत.

रिफुजिओ सापिएन्झाला पोहोचलो तेव्हा ११.४५ झाले होते.

आता ‘शिखर’ या शब्दाबद्दल. रिफुजिओ सापिएन्झा म्हणजे दक्षिण बाजूचा वाहनतळ, दुकानं आणि केबल कारचं खालचं स्थानक. उंची साधारण १९०० मीटर. कळसूबाईचा माथा १६४६ मीटरवर आहे, तेव्हा हे पार्किंगच त्याहून उंच आहे हे खरं. तरीही एटनाच्या हिशेबात तो पायथाच. केबल कार २५०० मीटरपर्यंत नेते. तिथून मोठ्या चाकांच्या फोर बाय फोर बस परवानाधारक गाइडसह २००२ च्या उद्रेकात तयार झालेल्या विवरांपाशी, म्हणजे सुमारे २९०० मीटरपर्यंत जातात, तेही त्या दिवशी परवानगी असेल तर. शिखरावरची विवरं ३३०० मीटरच्या वर आहेत आणि नेमकी उंची प्रत्येक मोठ्या उद्रेकानंतर बदलते. आपल्या पत्रिकेत ‘एटना शिखर भेट, केबल कार व फोर बाय फोरसह’ असं छापलं आहे. वाहनतळावर उतरल्यावर आपल्या टूर मॅनेजरांनी सांगितलं की केबल कार ‘ऑप्शनल’ आहे, तिकीट ज्याचं त्याने काढायचं आणि दीड वाजता बसपाशी यायचं. फोर बाय फोरचं तर नावच नाही. ‘सह’ या शब्दाचा अर्थ ठाण्यात एक आणि कतानियात दुसरा कसा होतो, हे आम्हाला लेखी कळवावं.

दीड वाजताच्या या सूचनेत आणखी एक गोम आहे. केबल कार, फोर बाय फोर आणि वरची गाइडबरोबरची फेरी मिळून खालून वर आणि परत यायला दोन ते अडीच तास लागतात. म्हणजे ज्यांची पदरचे पैसे घालून वर जायची तयारी होती, त्यांनाही ते शक्य नव्हतं. तिकिटाच्या रांगेत ४० मिनिटं गेली, कारण ४६ जणांसाठी आगाऊ आरक्षण केलेलं नव्हतं. १३ जणांनी फक्त केबल कारचं तिकीट काढलं आणि वर जेमतेम अर्धा तास उभे राहून परतले. उरलेले रस्त्याच्या कडेच्या खालच्या सिल्वेस्त्री विवराभोवती फिरले. हे विवर १८९२ च्या उद्रेकातलं आहे. फेरीला वीस मिनिटं पुरतात आणि ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांच्यासाठी ती जागा खरंच चांगली आहे. फक्त तिला शिखर म्हणू नका.

‘गाइडसह’ याचाही हिशेब द्यावा. एटनाच्या वरच्या भागात लोकांना न्यायचा अधिकार तिथल्या परवानाधारक ज्वालामुखी-गाइडना असतो, बसमध्ये झेंडा धरून बसलेल्या टूर मॅनेजरना नाही. आमच्याबरोबर असा गाइड दिवसभरात एकही नव्हता. वाहनतळावर माहिती मिळाली ती अशी : ‘हा काळा दगड लाव्हाचा आहे.’ पारसिकच्या डोंगराजवळून लोकलने ये-जा करणाऱ्यांना बेसॉल्ट, म्हणजे लाव्हाचा काळा दगड, ओळखायला सिसिलीला जावं लागत नाही. विचारण्यासारखं तिथे होतं ते वेगळंच. २००१ चा लाव्हा या वाहनतळाच्या इतका जवळ कुठून आला, आपल्याकडचा दगड थराथरांनी पसरलेला आणि इथला खडबडीत, करवतीसारखा का, डोंगराच्या कुशीत ही छोटी विवरं कशी फुटतात. या प्रश्नांना उत्तर देणारं कोणी नव्हतं.

कपड्यांबद्दल आदल्या रात्री आपल्या गटावर आलेला संदेश सोबत जोडला आहे : ‘सिसिली उबदार आहे, हलके कपडे घाला, सँडल चालतील.’ उंची हजार मीटरने वाढली की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. कतानियात २४ अंश असेल तर सापिएन्झाला १२ च्या आसपास आणि २५०० मीटरवर ८, शिवाय वारा. सँडलचा प्रश्न थंडीपुरता नाही. वरची वाट म्हणजे सुटी, धारदार लाव्हाखडी. पाऊल घोट्यापर्यंत रुततं, खडे आत जातात आणि उतरताना पाय सटकतो. घोटा झाकणारे बंद बूट, वारा अडवणारं जाकीट, डोळ्यांत राख जाऊ नये म्हणून चष्मा, एवढं सांगायला चार ओळी लागतात. खालच्या स्थानकापाशी बूट आणि जाकीट भाड्याने मिळतात, हेसुद्धा कुणी सांगितलं नाही.

दम्याच्या किंवा हृदयविकाराच्या प्रवाशांना आपण एकही प्रश्न विचारला नव्हता. वर गंधकाचे वायू असतात आणि २९०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ७० टक्केच उरतो. आमच्या गटात सत्तरी ओलांडलेले पाच जण होते. नागमोडी घाटरस्त्यावर निघण्याआधी अर्धा तास उलटीची गोळी घ्या, ही माळशेज किंवा आंबोलीला जाताना कुठलाही सहल-चालक देतो ती सूचनाही मिळाली नाही. तिघांना त्रास झाला.

पत्रिकेवरचं चित्र रात्रीच्या लालभडक लाव्हा-कारंज्याचं आहे. असं कारंजं उडत असतं तेव्हा वरचा भाग बंद असतो आणि वर जाता येतं तेव्हा बहुधा पांढरट वाफ आणि वायूचाच फवारा दिसतो. याच वर्षी २ जूनला शिखराच्या आग्नेय दिशेकडच्या विवराचा भाग कोसळून गरम राख आणि वायूचा लोट उतारावरून खाली आला आणि वर असलेले पर्यटक धावत सुटले. कुठपर्यंत जाऊ द्यायचं हे तिथले नगराध्यक्ष आदेश काढून ठरवतात आणि ते आदेश डोंगराच्या अवस्थेप्रमाणे बदलतात. जोराचा वारा असला तर केबल कारही थांबते. त्यामुळे लाव्हा दिसला नाही ही आमची तक्रार नाही, ‘शिखर बंद होतं’ अशीही नाही. २५ तारखेला केबल कार सुरू होती. बंद होता तो आपला कार्यक्रम.

जेवणाबद्दल थोडक्यात. कतानियाचा वांग्याचा पास्ता शाकाहाऱ्यांना मानवणारा आहे, तो मिळाला आणि चांगला होता. (पारंपरिक पार्मेझानमध्ये दूध गोठवायला वासराच्या पोटातलं रेनेट असतं, त्यामुळे वरून चीज किसायच्या आधी विचारायला हवं होतं. आमच्यातल्या दोघांच्या ताटात ते पडलं.) पण एका वेळी ४६ ताटं वाढायची असल्याने २.३० ला बसलेले आम्ही ४ ला उठलो.

आणि मग ताओर्मिना. हे गाव समुद्रापासून जवळपास २०० मीटर उंचावर कड्याला लागून आहे. माथेरानला जशी गाडी दस्तुरी नाक्यापुढे जात नाही, तशी इथे मोठी बस जुन्या गावात शिरत नाही. खालच्या लुंबी वाहनतळावर उतरून छोट्या शटलने पोर्ता मेस्सिना या वेशीपाशी यावं लागतं. आपल्या वेळापत्रकात या बदलीला एक मिनिटही दिलेलं नाही. ४.५० ला लुंबीला पोहोचलो, ४६ जण दोन-तीन फेऱ्यांत वर आले आणि ५.१५ ला शेवटचे वेशीत शिरले. ग्रीक नाट्यगृहाच्या दारात पोहोचलो ५.२५ ला. तिकिटं देणं थांबलं होतं. या नाट्यगृहाची बंद होण्याची वेळ सूर्यास्तामागे सरकते. जूनमध्ये जी वेळ चालते ती ऑक्टोबरच्या अखेरीस चालत नाही, आणि आपली पत्रिका बारा महिने एकच आहे. त्या दिवशी सूर्य सहाच्या थोडं पुढे मावळला. २६ तारखेला इटलीतली घड्याळं तासभर मागे गेली. तेव्हा पुढच्या गटांसाठी तो पाचच्या थोडं पुढेच मावळतो आहे, याची नोंद घ्यावी.

सिराक्यूजनंतर सिसिलीतलं हे सर्वांत मोठं प्राचीन नाट्यगृह. त्याच्या पडक्या भिंतीच्या खिंडारातून समुद्र आणि मागे एटना दिसतो. ज्वालामुखी आणि हे गाव एका दिवसात जोडण्याचं कारणच ते. सकाळी ज्या डोंगरावर होतो, तो संध्याकाळी दगडी पायऱ्यांवर बसून बघायचा. तेवढंच राहिलं. कोर्सो उंबेर्तो हा गावातला मुख्य रस्ता एका वेशीपासून दुसऱ्या वेशीपर्यंत जवळपास ८०० मीटर आहे. आमच्या हाती ३० मिनिटं होती, कारण ५.४५ ला शटलपाशी परत यायचं होतं.

एवढी घाई का, तर ‘चालकाचे तास संपतायत’. हे कारण आम्ही तपासलं. युरोपीय नियमांनुसार चालकाला दिवसाला सलग ११ तास विश्रांती द्यावी लागते, ती मोजक्या वेळा ९ तासांवर आणता येते. म्हणजे कामाचा पसारा १३, फार तर १५ तासांचा. सकाळी ८.३० ला सुरुवात केलेल्या चालकाला रात्री ८ पर्यंत काहीच अडचण नाही. पण या चालकाने पहाटे ४.३० ला आपल्याच दुसऱ्या गटाला विमानतळावर सोडलं होतं, हे त्यानेच टूर मॅनेजरांसमोर सांगितलं. ४.३० अधिक १५ म्हणजे संध्याकाळचे ७.३०. बस ७.१५ ला हॉटेलशी लागली. चालकाने नियम पाळला, त्याला दोष नाही. दुसऱ्या चालकाचा खर्च आपण वाचवलात आणि तो आमच्या ताओर्मिनातून वळता केलात.

वाया गेलेल्या वेळेची बेरीज करून पाहा. इतर हॉटेलं फिरण्यात ५५ मिनिटं, मधाच्या दुकानात ५०, तिकिटाच्या रांगेत ४०, जेवणात जादा ३०. एकूण १७५ मिनिटं. ताओर्मिनासाठी कबूल केले साडेतीन तास, दिला अर्धा तास. फरक १८० मिनिटांचा. वाहतूक, गर्दी, हवामान यांपैकी कशाकडेही बोट दाखवायला जागा उरत नाही.

हा दिवस नीट करता येतो. साडेसातला थेट सापिएन्झा, केबल कार आणि फोर बाय फोर आधी आरक्षित, साडेबारापर्यंत खाली. जेवण वाहनतळापाशीच किंवा डब्यातलं, मग ताओर्मिनात आधी नाट्यगृह आणि नंतर कोर्सो. केबल कार बंद असेल तर सिल्वेस्त्री विवरं पाहून तासभर आधी ताओर्मिना गाठावं आणि केबल कारचे पैसे त्याच संध्याकाळी परत करावेत. मधाचं दुकान परतीच्या वाटेवर, ज्याला हवं त्याच्यासाठी.

आमच्या मागण्या. प्रत्येकी १८,५०० रुपयांपैकी निम्मे, म्हणजे ९,२५० रुपये, २२ प्रवाशांचे मिळून २,०३,५०० रुपये परत मिळावेत. बस, जेवण आणि खालचं विवर एवढं मिळालं म्हणून पूर्ण रक्कम मागत नाही. १३ जणांनी स्वतः काढलेल्या केबल कारच्या तिकिटांची भरपाई पावत्यांप्रमाणे वेगळी द्यावी. पत्रिकेतला ‘शिखर’ हा शब्द काढून कुठपर्यंत नेणार ती उंची मीटरमध्ये छापावी. सहलीआधी आरोग्याविषयी प्रश्नावली आणि कपड्यांची यादी द्यावी. ‘पुढच्या सहलीत सवलतीचं कूपन’ आम्हाला नको. आपल्या शाखेतून फोनवर तेच सुचवलं गेलं होतं.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर अपेक्षित आहे. न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करू आणि त्यानंतर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली सेवेतील त्रुटी आणि दिशाभूल करणारी जाहिरात या कारणांवर ठाणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे ई-जागृती या ऑनलाइन पोर्टलवरून तक्रार दाखल करू. ग्राहक जिथे राहतो तिथे तक्रार करता येते, आणि या सहलीसाठी आम्ही मिळून भरलेली रक्कम ४,०७,००० रुपये, म्हणजे पाच लाखांच्या आत असल्याने आयोगाचं शुल्क लागत नाही.

कळावे,

२२ प्रवाशांच्या वतीने,
गटप्रमुख
ठाणे (पश्चिम)

सोबत : १) छापील कार्यक्रमपत्रिकेची प्रत २) २४ ऑक्टोबरच्या रात्रीच्या संदेशाचं छायाचित्र ३) केबल कारच्या १३ तिकिटांच्या पावत्या ४) वेळेची नोंद दिसणारे फोटो : मधाचं दुकान, सापिएन्झा वाहनतळ, लुंबी वाहनतळ आणि नाट्यगृहाचं बंद दार ५) सर्व २२ जणांच्या सह्या