अव्या, वजनं नव्हेत, पाईप

लोकमान्य नगर, इंदूर
सोमवार, रात्री

प्रिय अव्या,

सप्रेम नमस्कार. दिवाळीनंतर माझ्याकडून ना पत्र, ना फोन. तू रागावला असशील. तो राग भेटीत काढ, हवं तर सगळा काढ. आत्ता मात्र हे शेवटपर्यंत वाच. फोन करायच्याऐवजी लिहायला बसलोय ते एवढ्याचसाठी, फोनवर तू मला तिसरं वाक्य पूर्ण करू देत नाहीस. प्रकृती बरी, शुगर गोळीवर आहे, नंदा मजेत.

आता मुग्धाबद्दल.

काल पहाटे तिचा फोन आला. आई कशी आहे, काही नाही, थेट "बाबा, गाडी सुटताना मरते." धस्स झालं, आणि त्याच क्षणी इतका आनंद झाला की नंदा उठून बसली. मिनेसोटात एका स्नोमोबाईल ड्रॅग टीममध्ये, म्हणजे बर्फावरच्या गाड्या सरळ रेषेत पळवणाऱ्यांत, पोरगी आहे एवढं तुला माहीत आहेच. पण क्लचचं काम आता तिच्या एकटीच्या हातात दिलंय. हे मी शेजारच्या जोश्यांना सांगितलं, तर ते म्हणाले, "म्हणजे नोकरी कसली?" हे ऐकून उडी मारणारा माणूस इंदुरात उरला नाही. तो बडोद्यात जाऊन बसलाय.

बरं, ही शर्यत बर्फावर नाही, डांबरावर. उन्हाळ्यात. बर्फाच्या गाडीचा बर्फ काढून घेतला की तिचं काय होतं ते ऐक. इंजिनचं पाणी निवतं ते गाडीखालच्या फिरत्या रबरी पट्ट्याने उडवलेला बर्फ वरच्या कूलरवर आपटून. तो नाही, म्हणून दोन फेऱ्यांच्या मधे बाहेरून बर्फाचं पाणी फिरवतात. पट्टा ज्या प्लॅस्टिकच्या सरकपट्ट्यांवरून घसरतो त्यांचं वंगणही बर्फच. कोरड्या डांबरावर त्या वितळतात, म्हणून जास्तीची चाकं बसवून पट्टा त्यांच्यावर पेलायचा. स्कीजच्या जागीही चाकं. अंतर ६६० फूट, आपले २०० मीटर. आणि रबराचा तो रुंद पट्टा डांबर असा धरतो की घसरून भार सोडायला वावच नाही. सगळा दणका क्लचवर आणि इंजिनची ताकद पट्ट्याकडे नेणाऱ्या बेल्टवर.

क्लच म्हणजे आपल्या कायनेटिक होंडा स्कूटरचाच व्हेरिएटर, दोन पुल्या आणि बेल्टवर आपोआप गिअर बदलणारा, अंगाने मोठा. आपल्याकडे सहा रोलर, तिच्याकडे तीन वजनदार भुजा. मागे भार पडला की पुली आवळणारा आपला टॉर्क कॅम, तसाच त्यांचा हेलिक्स. फरक एवढाच की आपल्या स्कूटरचा बेल्ट उभ्या गाडीतही फिरतो आणि मागचा सेंट्रिफ्यूगल क्लच चाकाला जोडतो. स्नोमोबाईलला तो मागचा क्लच नाहीच. उभ्या गाडीत बेल्ट पुढच्या पुलीत सैल पडलेला, आरपीएम, म्हणजे इंजिनचे मिनिटाचे फेरे, चढले की पुली मिटते आणि बेल्टला चिमटीत धरते. किती आरपीएमवर धरायचं ते स्प्रिंग ठरवते, धरल्यावर इंजिन कुठे थोपवायचं ते मुख्यतः वजनं. वजन जड, तर आरपीएम खाली. हलकं, तर वर. हे तुला काय सांगायचं! सराफ्यात सोनाराच्या काट्यावर सहा रोलर तोलून घेतले होते ते आठवतं? दुकान मिटायची वेळ, बाहेर भुट्ट्याच्या किसाची कढई चढलेली, आणि तो सोनार चिमट्याने एकेक रोलर उचलून पारड्यात ठेवतोय. एक रोलर दोन गुंजा हलका निघाला. "भिया, इसमें खोट है," असं तो इतक्या गंभीरपणे म्हणाला की तू त्याला दागिन्याची घडणावळ विचारलीस.

तर मुग्धाने दोन आलेख पाठवले. पहिला सकाळच्या सरावाचा: गाडी सुटली, आरपीएम ८२०० वर गेले आणि शेवटपर्यंत तिथेच, रेघ ओढावी तसे. दुसरा दुपारच्या शर्यतीचा: तीच गाडी, तीच वजनं, तीच स्प्रिंग, पण निम्म्या अंतरापर्यंत इंजिन ७८०० च्या आसपास कण्हतंय आणि ८२०० ला पोचतंय तेव्हा शर्यत संपत आलेली. त्यांच्या टीमचा म्होरक्या म्हणतो, आरपीएम कमी पडतात ना, मग वजनं घासा. येत्या शनिवारी पुन्हा शर्यत आहे आणि ग्राइंडर शेजारीच ठेवलाय.

मी तिला एकच विचारलं. "दुपारी सुटायच्या आधी गाडी किती वेळ उभी होती?" म्हणाली, "लाईन लांब होती बाबा. बराच वेळ. इंजिन बंद करून."

समजलं ना तुला? इंजिनचा धूर बाहेर नेणारा पाईप गार पडला होता.

अव्या, हे वाक्य लिहिताना मला तुझा चेहरा दिसतो. पिथमपूरच्या सेक्टरच्या त्या सरळ रस्त्यावर तू पाईपवर पाण्याचा थेंब टाकायचास आणि थेंब नाचल्याशिवाय गाडी सोडू द्यायचा नाहीस. तुझं ते वॉल्टर काडेनचं कीर्तनही आठवतं. पूर्व जर्मनीतला तो इंजिनिअर, एमझेडच्या मोटरसायकली, पोटात फुगलेला आणि शेपटाशी निमुळता पाईप, १९६१ मध्ये त्यांचा रेसर एर्न्स्ट डेग्नर ती विद्या घेऊन पळाला आणि पुढच्याच वर्षी सुझुकीवर ५० सीसीचा जगज्जेता झाला. मुग्धा चौथीत असताना तिला तू हीच गोष्ट सांगून झोपवायचास. ती विसरलेली नाही. पण वरिष्ठ माणूस समोर उभा राहून "घासा" म्हणतो तेव्हा गोष्ट पुरत नाही, हिशोब लागतो.

म्हणून हिशोब करून दिला. धक्क्याची लाट पाईपच्या फुगीर भागात शिरताना सिलिंडरमधला धूर ओढून घेते आणि निमुळत्या भागावर आपटून परत येताना बाहेर निसटलेलं ताजं मिश्रण आत ढकलते. ती वेळेवर परतली तर ताकद. पाईपची लांबी तीच, पण लाटेचा वेग आतल्या वायूच्या तापमानावर, त्याच्या वर्गमुळावर. समज सरासरी ४०० अंश होतं आणि ५०० झालं. निरपेक्ष तापमानासाठी दोन्हींत २७३ मिळव, ६७३ आणि ७७३. भागून वर्गमूळ काढ, ७ टक्के येतात. ८००० आरपीएमवर हे साडेपाचशेच्या वर जातं. म्हणजे गार पाईपची उंची, जिथे ताकद सर्वांत जास्त ते आरपीएम, खाली कुठेतरी आणि तापलेल्याची वर. इंजिनात तेवढा जोरच नसतो म्हणून क्लच त्याला ८२०० ला थोपवू शकत नाही, आरपीएम खाली बसतात. यात वजनांचा काय दोष? त्याच वजनांनी सकाळी रेघ ओढली होती!

आणि माझी खरी काळजी इथे आहे. आज वजनं हलकी केली तर गार पाईपवर आलेख सुधारेल. सगळे टाळ्या वाजवतील. मग एखाद्या दिवशी लाईन लहान असेल, पाईप तापलेला असेल, आणि तीच हलकी वजनं इंजिनला उंचीच्या पलीकडे नेतील. तिथे ताकद कोसळते, आणि टू-स्ट्रोक तिथे पळवत ठेवणं पिस्टनला बरं नाही. घासलेला धातू परत चिकटवता येत नाही. तिन्ही वजनं एकसारखी घासली गेली नाहीत तर एवढ्या आरपीएमवर पुली थरथरेल ते वेगळंच. आणि नाव कुणाचं लागेल? क्लचवालीचं.

मी म्हटलं, सुटायच्या आधी पाईपचा काटा बघ. त्यांच्याकडे तापमानाचा काटा आहे, आपल्यासारखा थेंब नाही. दरवेळी एकाच आकड्यावर आणून मग सुटायचं, लाईन कितीही लांब असो. पाईपवर उष्णता धरणारं आवरण चढवता आलं तर उत्तम. पुलीच्या तोंडावर मार्करने आडव्या रेघा मार, आपण मारायचो तशा; बेल्टने रेघ कुठपर्यंत पुसली त्यावरून तो किती वर चढला ते डोळ्यांना दिसतं. हे सगळं करून आरपीएम कमीच राहिले, तर घास खुशाल. आणि गाडी स्टँडवर गरम करताना क्लचचं संरक्षक कव्हर उघडं ठेवून बाजूला उभी राहू नकोस. हे मी तिला दोनदा म्हणालो, नंदाने फोन ओढून घेऊन तिसऱ्यांदा.

आता तू म्हणशील, बघ, मी तेव्हापासून सांगतोय, आधी पाईप. नाही अव्या. ते भांडण मी सोडलेलं नाही. आधी पाईपही नाही आणि आधी रोलरही नाही. पाईपचं तापमान पक्कं केल्याशिवाय रोलर तोलण्यात अर्थ नाही, आणि रोलर बरोबर नसले तर पाईप कितीही सुरेख असो, इंजिन त्याच्या उंचीवर टिकतच नाही. शिवाय माझा पाईप तू मला न विचारता इंचभर कापलास ते मला आजही मान्य नाही. आरपीएम वर गेले, कबूल. पण विचारायचं होतंस. आणि त्याला जी वेल्डिंग केलीस ती पाहून छावणीतला खरादवाला काय म्हणाला होता? "भिया, ये साइलेंसर है कि जलेबी?"

परवा पिथमपूरला गेलो होतो. कायनेटिक होंडा जिथे बनायची त्याच गावात २०२१ पासून नॅट्रॅक्स या गाड्यांच्या चाचणी केंद्राचा ११.३ किलोमीटरचा वेगाचा ट्रॅक आहे. कुंपणाबाहेर थांबून बघत बसलो. आपण ट्रकांच्या मधून पळवायचो रे.

तर काम असं. मी बाप आहे, माझं तिला अर्धंच पटतं. तुझं पूर्ण पटतं, लहानपणापासून. तिला शुक्रवारी, तुझ्या सकाळी, तिच्या गुरुवारच्या रात्री, फोन कर. मी पाठवलं असं म्हणू नकोस. आलेख तिच्याकडून मागव, स्वतः बघ, आणि माझ्या विचारात कुठे भोक असेल तर तिला नको, आधी मला सांग. डांबराची पकड एवढी असताना बेल्ट गरम होऊन घसरत असेल का, ही एक शंका मला छळते. पण बेल्ट घसरला तर आरपीएम चढायला हवेत, इथे बसलेत. म्हणून मी पाईपवर ठाम आहे. तूही तपास.

पार्थचं ठरलं का? मुलगी नागपूरची म्हणत होतास. वहिनींच्या गुडघ्याचं ऑपरेशन पुढे ढकलू नका. बंडूचे पैसे मी देऊन टाकलेत, तो विषय संपला. तुझी निवृत्ती मार्चमध्ये ना? मग इकडे ये, महिनाभर राहा.

तुझ्या त्या निळ्या वहीत पाईपच्या शंकूंची मापं आणि पाण्याच्या थेंबाचं तुझं कोष्टक होतं. सापडलं तर त्या पानाचा फोटो मुग्धाला पाठव. मला नको, मला पाठ आहे.

तुझा,
विन्या