निधीसाठी विक्रीच्या वस्तू निवडण्याबाबत सूचना

युवक शाखेच्या सर्व सभासदांस कळविण्यात येते की, यंदा निधीसाठी घरात रोज लागणाऱ्या वस्तूच विक्रीस ठेवाव्यात. शोभेच्या वस्तू लोक केवळ भिडेखातर घेतात आणि त्या माळ्यावर पडून राहतात. राज्यात २०१८ पासून प्लास्टिक पिशव्यांवर बंदी असल्याने जाड मांजरपाटाच्या पिशव्या आम्हांस सर्वांत योग्य वाटतात. कापड मंगलदास मार्केटमधून ठोक भावाने आणावे; मात्र नमुन्याच्या पिशवीत पाच किलो तांदूळ भरून, बंदांची शिवण उसवत नाही याची खात्री झाल्याशिवाय शिवणकाम सोपवू नये. दिवाळीपूर्वी उटणे व पणत्याही खपतात, परंतु उरलेला माल परत घेणाऱ्या व्यापाऱ्याकडूनच त्या घ्याव्यात. नमुने रविवारच्या बैठकीत सोबत आणावेत.

– चिटणीस, युवक शाखा