चोवीस तारखेची सकाळ

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, "आई, मी थेट चोवीस डिसेंबरच्या रात्री येतो. चर्चमध्ये नाताळची मध्यरात्रीची मिस्सा मिळाली की झालं. आधी येऊन करू काय?" मी बरं म्हटलं. मग फोन ठेवता ठेवता तू हळूच म्हणालास, "हल्ली प्रार्थना होत नाही गं. बसतो, आणि काही येतच नाही." त्यावर मला पटकन बोलताच आलं नाही. गॅसवर काहीतरी आहे असं सांगून मी फोन ठेवला. गॅसवर काहीच नव्हतं.

तेव्हापासून मनातल्या मनात तुझ्याशीच बोलतेय. ते फोनवर नीट उतरणार नाही, म्हणून लिहायला बसले.

आधी येऊन काय करू, हे तू विचारलंस म्हणून सांगते. १७ डिसेंबरपासून आगमनकाळाचा, म्हणजे नाताळची वाट पाहण्याच्या या चारेक आठवड्यांचा, सूरच बदलतो. तोवरच्या प्रार्थनांत प्रभूच्या दुसऱ्या आगमनाची वाट पाहणं जास्त असतं. सतराला ख्रिस्तसभा वळते ती थेट बेथलेहेमच्या वाटेला लागते. १७ ते २४ या प्रत्येक तारखेला स्वतःची प्रार्थना आहे, शुभवर्तमानातलं स्वतःचं वाचन आहे. एरवी ज्या संतांचे स्मरणदिन आपण पाळतो, तेही या दिवसांत बाजूला सरकतात. लोकांना रविवार तेवढा ठाऊक असतो. पण हा आठवडा खरा उलगडतो तो रोजच्या सकाळच्या मिस्सेत, जिथे पुढच्या दोन बाकांवर आम्ही मोजकी माणसं असतो.

सतराला मत्तयच्या शुभवर्तमानातली येशूची वंशावळ. लहानपणी तू ती बोटांवर मोजायचास आणि दरवेळी शलमोनाच्या पुढे गडबडायचास. चौदा पिढ्या, परत चौदा, परत चौदा. पुष्कळांना ते वाचन रुक्ष वाटतं. मला ते फार आवडतं, कारण त्या लांबलचक यादीत मध्येच तामार येते, राहाब येते, रूथ येते, उरीयाची बायको येते आणि शेवटी मरिया. ज्यांच्याबद्दल घराण्यात कुजबुज व्हावी अशांचीही नावं मत्तयने लपवली नाहीत.

त्याच संध्याकाळपासून 'हे'ने सुरू होणाऱ्या सात हाका चालू होतात. सांध्यप्रार्थनेत मरियेच्या स्तोत्राच्या आधी आणि नंतर रोज एक: हे ज्ञाना, हे प्रभो, हे इशायाच्या मुळा, हे दावीदाच्या किल्ली, हे उगवत्या तेजा, हे राष्ट्रांच्या राजा आणि तेवीसला हे इम्मानुएल. हजार वर्षांहून जुन्या आहेत त्या. लॅटिनमध्ये या सात नावांची पहिली अक्षरं शेवटाकडून उलटी वाचली की 'एरो क्रास' असे दोन शब्द होतात. अर्थ, उद्या मी असेन. सात दिवस आपण त्याला हाक मारायची आणि सातव्या दिवशी मागे वळून पाहावं, तर आपल्याच हाकांत त्याचं उत्तर दडलेलं.

वीस तारखेची किल्लीची हाक मला सगळ्यांत जवळची. जो उघडतो ते कुणी बंद करत नाही, जो बंद करतो ते कुणी उघडत नाही; ये, आणि अंधारात बसलेल्या कैद्याला बाहेर काढ. या आठवड्यातल्या एका संध्याकाळी सामुदायिक प्रायश्चित्त विधी असतो, फादरांपाशी आपापली पापं कबूल करण्याचा. शेजारच्या धर्मग्रामांतले फादरही मदतीला येतात, कुणी कन्फेशनलमध्ये, कुणी वेदीच्या कडेला, कुणी मागच्या खांबाजवळ खुर्ची टाकून. मागच्या वर्षी त्या खांबाजवळच्या रांगेत माझ्यापुढे एक तरुण होता. तीनदा रांगेतून बाहेर पडला, मागच्या दारापर्यंत गेला आणि परत येऊन उभा राहिला. प्रत्येक वेळी मी माझ्यापुढची जागा मोकळी ठेवली. चौथ्यांदा तो आत गेला. काय बोलला ते त्याला आणि देवाला ठाऊक. बाहेर आला तेव्हा शर्टाच्या बाहीने तोंड पुसत होता. कन्फेशनला गेल्याला तुला किती दिवस झाले हे मी विचारणार नाही. रांगेत जागा धरून ठेवायला मी आहे, एवढंच सांगते.

बाकी धावपळ तुला माहीत आहेच. गायनवृंद ग्लोरिया, म्हणजे देवाचं गौरवगीत, बसवतोय, पण आगमनकाळात रविवारी ग्लोरिया म्हणत नाहीत. त्यामुळे सरावाच्या खोलीत ते रोज दणक्यात होतं आणि चर्चमध्ये मात्र शांतता. नाताळच्या रात्री घंटांबरोबर ते सुटतं तेव्हा अंगावर काटा येतो, तो या शांततेमुळे. वेदीजवळ फुलं बेताची. पुष्पचक्रावर तीन जांभळ्या आणि एक गुलाबी अशा चार मेणबत्त्या. गुलाबी तिसऱ्या रविवारी पेटते. हे चक्र मुळात आपल्याकडचं नव्हे. १८३९ साली हॅम्बुर्गमध्ये योहान विखर्न नावाच्या एका लुथरन पाळकाने, आपल्या आश्रमातल्या मुलांना नाताळ किती दिवसांवर आलाय ते कळावं म्हणून चाकावर मेणबत्त्या लावल्या, आणि कॅथलिक चर्चमध्ये ते पुष्कळ उशिरा आलं. वाट पाहणाऱ्या मुलांसाठी केलेली वस्तू कुणाच्याही वेदीजवळ शोभते.

गव्हाणीचा देखावा उभा राहतोय. मेंढपाळ आलेत, बैल आलाय, गाढवाचा कान कुणीतरी नव्याने चिकटवलाय. मधली गव्हाणी रिकामी. संत फ्रान्सिसने १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चोला पहिला देखावा केला तेव्हा तिथे बाळाची मूर्तीही नव्हती आणि मरिया-योसेफाचीही नव्हती. नुसती गव्हाणी, गवत, बैल, गाढव, आणि त्या गव्हाणीपाशीच मिस्सा झाली. मुलं रोज येऊन गवतात हात घालून पाहतात, बाळ आलं का म्हणून.

आता माझ्या कामाविषयी. वेदीची वस्त्रं धुणं-इस्त्री करणं माझ्याकडे येऊन किती वर्षं झाली, आठवतं? तू तेव्हा सहावीत होतास. चषक पुसायचं वस्त्र आणि ज्यावर ख्रिस्तशरीर, म्हणजे मिस्सेतली पवित्र भाकर, ठेवतात ते चौकोनी वस्त्र आधी वेगळ्या भांड्यात भिजवायचं. ते पहिलं पाणी मोरीत जाऊ द्यायचं नाही, कारण त्या वस्त्रांना पवित्र कण लागलेले असू शकतात. ते थेट मातीत ओतायचं. मग साबण. इस्त्री उलट्या बाजूने. चौकोनी वस्त्राच्या दोन उभ्या आणि दोन आडव्या घड्या, नऊ चौकोन, आत वळलेले, म्हणजे काही कण राहिलाच तर तो बाहेर सांडत नाही.

बाबा ऑक्टोबरमध्ये गेले, त्या वर्षीचा आगमनकाळ तुला फारसा आठवणार नाही. तू परीक्षेत होतास आणि मी तुझ्यासमोर कधी काही दाखवलं नाही. आज सांगते. त्या दिवसांत मला प्रार्थना येत नव्हती. 'आमच्या स्वर्गातल्या बापा' म्हणायला सुरुवात करायचे आणि दुसऱ्या ओळीवर गळा बंद. दफनविधीच्या दिवशी चर्चच्या आवारात एकीने माझा हात धरून म्हटलं होतं, "देवाची इच्छा, रडू नका." तिने चांगल्या मनाने म्हटलं असेल. पण ते वाक्य माझ्यात असं रुतलं की देवाशी बोलायला गेलं की तेच मध्ये उभं राहायचं. मिस्सेला जायचे, ओठ हलवायचे. एक-दोन महिने नाही, त्यानंतरचा आगमनकाळही तसाच गेला.

वस्त्रं मात्र धुतली. दर आठवड्याला. पहिलं पाणी मातीत, दोन घड्या, दोन घड्या. यात काही मोठेपणा नव्हता. कुणाला सांगावं की आता मला जमणार नाही, एवढंही बळ नव्हतं, म्हणून चालू राहिलं.

त्या दुसऱ्या वर्षी १९ डिसेंबरला सकाळी मी नेहमीच्या बाकावर बसले होते. शुभवर्तमान जखऱ्याचं. तुला गोष्ट माहीत आहे: अबीयाच्या वर्गातला म्हातारा याजक, बायको अलीशिबा, मूलबाळ नाही. याजकांचे वर्ग आळीपाळीने मंदिरात सेवा करायचे. चिठ्ठी टाकली, धूप जाळायला आत जाण्याचा मान त्याला मिळाला, आणि आत गब्रिएल देवदूत उभा. तुला मुलगा होईल म्हणाला. आयुष्यभर जे मागितलं ते समोर आलं तेव्हा जखऱ्याला विश्वासच ठेवता आला नाही. हे मी कशावरून खरं मानू, म्हणाला. आणि त्याची वाचा गेली. बाहेर लोक खोळंबलेले, हा नुसत्या खुणा करतोय.

हे सगळं मी कितीतरी वेळा ऐकलं होतं. पण त्या सकाळी पुढचं एक वाक्य पहिल्यांदा कानात शिरलं. शुभवर्तमानात लूक लिहितो की सेवेचे दिवस पूर्ण झाल्यावर तो आपल्या घरी गेला. म्हणजे वाचा गेल्यावर तो लगेच निघून गेला नाही! उरलेले दिवस तो मुका मंदिरात राहिला. धूप, दिवे, भांडी, जे काही काम वाट्याला येत असेल ते त्याने तोंडातून एक शब्द न काढता केलं असणार. आणि त्याला 'तू संशय घेतलास, आता इथे तुझं काम नाही' असंही कुणी म्हटलेलं लूकने लिहिलेलं नाही.

बाळा, मी तिथे बाकावर रडले. बाबा गेल्यापासून चर्चमध्ये पहिल्यांदा. प्रार्थना त्या दिवशीही आली नाही, खोटं कशाला सांगू. पण मी मिस्सेनंतर वस्त्रं घ्यायला आत गेले तेव्हा ती उचलताना हात वेगळे होते.

त्या आठवड्यात मग मी त्याच्याच मागे गेले. वीसला मरियेला येशूच्या जन्माचा संदेश. एकवीसला ती अलीशिबेच्या घरी पोचते. म्हणजे जखऱ्याच्याच घरी. बावीसला तिचं स्तोत्र, तेही त्याच घरात. विचार कर, ती माउली आपलं गाणं गाते आहे आणि घरचा यजमान कोपऱ्यात मुका. तेवीसला जखऱ्याचा मुलगा योहान जन्मतो. आठव्या दिवशी नातेवाईक बाळाला बापाचंच नाव ठेवायला निघतात, आणि जखऱ्या पाटी मागवून लिहितो: याचं नाव योहान. तिथे जीभ मोकळी होते.

आणि चोवीसच्या सकाळी, आगमनकाळाच्या अगदी शेवटच्या मिस्सेत, त्याचं गीत. अंधारात आणि मृत्यूच्या छायेत बसलेल्यांवर वरून पहाट उजाडेल, असं सांगणारं. मरियेचं नाही, योसेफाचं नाही. नाताळच्या उंबरठ्यावर ख्रिस्तसभा शेवटचा शब्द देते तो या म्हाताऱ्याला, ज्याला विश्वास ठेवणं जमलं नव्हतं. एवढंच नाही, जगभरातले धर्मगुरू आणि व्रतस्थ वर्षभर रोज सकाळच्या प्रार्थनेत हेच गीत म्हणतात. नऊ महिने ज्याच्या तोंडून शब्द फुटला नाही, त्याच्या शब्दांनी ख्रिस्तसभेचा प्रत्येक दिवस सुरू होतो.

त्या मिस्सेला फारसं कुणी नसतं. सगळे रात्रीच्या तयारीत. २०२३ साली तर चोवीसलाच आगमनकाळाचा चौथा रविवार आला. सकाळी रविवारची वाचनं झाली आणि जखऱ्याचं गीत मिस्सेत आलंच नाही. मला दिवसभर काहीतरी राहून गेल्यासारखं वाटत होतं. शेवटी रात्री निघायच्या आधी मी ते घरी एकटीनेच मोठ्याने वाचलं.

म्हणून तुला म्हणते, प्रार्थना होत नाही तर होऊ दे तसंच. जमेल तेवढे शब्द आम्ही बाकीचे म्हणू, तू नुसता ये, बस. तुला हाताला काम हवं असेल तर तेही आहे. परवा फादरांबरोबर अंथरुणाला खिळलेल्यांना ख्रिस्तशरीर द्यायला गेले होते. शेवटच्या घरातल्या आजींना अर्धांगानंतर बोलता येत नाही. फादर 'ख्रिस्ताचं शरीर' म्हणाले तेव्हा त्यांनी दोन्ही डोळे घट्ट मिटले आणि उघडले. फादरांनी तेच आमेन धरलं. नाताळच्या आधी अजून एक फेरी आहे. कंदील आणि पिशवी धरायला कुणीतरी सोबत हवंच असतं.

तर रात्रीच्या मिस्सेऐवजी तेवीसच्या रात्री पोचायचं बघ. कितीही उशीर झाला तरी मी जागी असेन. चोवीसला सकाळी मला लवकर निघायचं आहे, आणि मिस्सा झाल्यावर वेदीवरचं जांभळं वस्त्र उतरवून पांढरं घालायचं आहे. ते मोठं वस्त्र एकटीला घडी करता येत नाही, टोकं जमिनीला लागतात. दुसरं टोक धरायला तू लागशील.

तुझी आई